मुकं जेवण

पहिला घास तोंडात गेला आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. आवाज बंद होता, पण स्टीलच्या टेबलावर तो थरथरत पुढे सरकत होता, कडेच्या दिशेने, पाठीवर पडलेला किडा सरकतो तसा. रंजिताने डाव्या हाताने त्याला नुसतं अडवलं. हाताखाली तो जिवंत लागला. वरणभाताचा घास तोंडात तसाच होता. समोर भिंतीवर हात धुण्याचे सात टप्पे दाखवणारं चित्र, खिडकीतून दिसणारा डंपरच्या धुळीने माखलेला गुलमोहर, आणि खोलीत ती एकटी. कोणी असतं तर खूण करून फोन त्याच्या हातात दिला असता. रोज ही व्यवस्था असायची. दुपारी ती डबा उघडायची तेव्हा फोन हेतलकडे जायचा. हेतल इस्पितळातल्या शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत बसायची, सतत बडबड करायची आणि कुणाशीही आपल्या चुलत बहिणीशी बोलावं तशी बोलायची. आज हेतल नव्हती. चातुर्मासातला काढीव मुहूर्त, पण तिच्या मामेभावाची हळद होती आणि हळदीला आगऱ्याची पोरगी कामावर येते असं पनवेलात कुणी ऐकलेलं नाही. सकाळीच रंजिताच्या मनात आलं होतं, दुसऱ्या कुणाला सांगून ठेवावं. पण सांगायचं काय? चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही, एवढा अर्धा तास माझा फोन सांभाळा? हेतलला न सांगता कळलं होतं, तिची आजी हाच नेम करायची. बाकीच्यांना सांगायचं म्हणजे आपलं व्रत चारचौघांत काढून दाखवल्यासारखं. ती संकोचली होती. फोन थांबला. मग पुन्हा सुरू झाला. आता तिने पडद्याकडे पाहिलं. जगन किराणा.

जगन किराणा हा माणूस आजारी नव्हता. कर्नाळ्याच्या पायथ्याशी कातकरवाडीच्या तोंडाला त्याचं दुकान होतं, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा फोन म्हणजे जगनचा फोन. त्या नावामागे रंजिताचा पेशंट, अनंता होता. अनंता आणि त्याची बायको भागी. दुकानातून दोनदा फोन लावायचा म्हणजे भागीने काउंटरवर कोपर टेकून जगनला सांगितलं असणार, आजून एकदा लाव. तिला ते दिसलं. आणि तरीही तिने फोन उचलला नाही. उचलून गप्प राहिली असती तर? तिकडून भागी हॅलो हॅलो करत राहिली असती आणि इकडे ती तोंडात घास घेऊन ऐकत बसली असती. ते तर न उचलण्याहून वाईट. नेम साधा होता. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही. बोललं तर पानावरून उठायचं, अन्नाला नमस्कार करायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काही खायचं नाही. आषाढापासून एकदाही तिला उठावं लागलं नव्हतं. कार्तिकाची द्वादशी चार दिवसांवर आली होती. काठावर आलेली नाव, असं तिला सकाळी देवापुढे दिवा लावताना वाटलं होतं, आणि त्या वाटण्यात थोडा अभिमान होता हे आता, घास गिळताना, कळलं. फोन तिसऱ्यांदा वाजला नाही. न वाजणारा फोन वाजणाऱ्यापेक्षा जास्त आवाज करतो. तिने आणखी दोन घास गिळले, चव कळली नाही, डबा झाकला, मोरीत जाऊन हात धुतले, चूळ भरली आणि मग, आता बोलायला मोकळी झालेली, ती क्षणभर बोलायला घाबरली.

भिंतीवर हात धुण्याच्या चित्राशेजारी दुसरं चित्र होतं, मॅडमनी काढून घेतलेलं. मॅडम म्हणजे छातीच्या डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी त्या या इस्पितळात आल्या आणि त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं होतं, आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचा माणूस पहिल्या खोकल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत किती दारं फिरतो? कुणालाच सांगता आलं नाही. ज्याला त्याला आपापलं दार ठाऊक होतं. मग त्यांनी हा मार्ग आखला. फोटोत डाग दिसला की तो रंजिताला कळवायचा. तिने माणसाला शोधायचं. स्कॅन, सुईची तपासणी, रक्त, सगळं एका माळेत ओवायचं. दर बुधवारी छातीचे, कापायचे, किरणांनी शेकायचे, तुकडा तपासायचे असे सगळे डॉक्टर एका टेबलाशी बसून एका माणसाबद्दल एकदाच काय ते ठरवणार, आणि ठरलेलं त्या माणसाला एका खोलीत, खुर्चीत बसवून, त्याच्या माणसांसमोर मॅडम स्वतः सांगणार. आणि या सगळ्याच्या आरंभी आणि शेवटी एक फोन. पेशंटच्या कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, हा फोन उचलला जाईल. ते वाक्य रंजिताचंच होतं. मॅडमनी विचारलं होतं, काय लिहू या? ती म्हणाली होती, एवढंच लिहा. चित्रात चौकटी होत्या आणि बाण होते. बाण स्वच्छ होते, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखे. जेवणाच्या चौकटीचा बाण कुठेच नव्हता. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाचाही नव्हता.

जगनने पहिल्या रिंगलाच उचललं. "काय बाई, आता करता होय फोन? ती बिचारी भागी इथे उभी राहून राहून गेली."

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? भट्टीवर. काळूरामचा टेंपो आला ना आज. देवदिवाळीनंतर येणार म्हणलेला, आज सकाळीच दारात. मीच बोललो तिला, अगं हास्पिटलवाल्या बाईला विचार तरी. तुमी उचलला नाय."

"मी जेवत होते," रंजिता म्हणाली. ते खरं होतं आणि म्हणताना खोट्यासारखं लागलं.

"जेवा ना, जेवायलाच पायजे," जगन म्हणाला, आणि त्याच्या त्या चांगुलपणाने तिला जास्त टोचलं. काळूराम मुकादमाचा नंबर त्याने दिला. "लवकर करा. शिरढोण ओलांडला की फाट्यावर लागतील, मंग त्यो कुठं थांबनार नाय."

काल बुधवार होता. कालच्या टेबलावर अनंताचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला होता, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात सुपारीएवढा डाग. कापायचे डॉक्टर, जे एरवी फार बोलत नाहीत, म्हणाले होते, हा आत्ता निघतो. चांगला निघतो. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आणलात तर मला बोलावू नका. सगळ्यांनी मान डोलावली होती आणि मॅडमनी रंजिताकडे पाहिलं होतं. सोमवारी बोलवा. रंजिताने मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. इतक्या वेळेत, इतक्या आधी सापडलेला माणूस तिने या टेबलावर क्वचित पाहिला होता. अनंताला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पाजून झाल्या होत्या, थुंकी तपासून झाली होती, आणि एरवी अशा माणसाचं पुढे काय होतं हे तिला ठाऊक होतं: तो भट्टीवर जातो, आणि अक्षयतृतीयेला परत येतो तेव्हा अर्धा असतो. या वेळी मात्र माणूस कागदांच्या मागे फिरला नव्हता, कागद माणसाच्या मागे फिरले होते. आणि आता माणूस टेंपोत होता. सोमवारपर्यंत तो वाडीतच असेल हे ती धरून चालली होती, कारण तो तसं म्हणाला होता. काळूराम आधी येईल हे अनंताला कसं कळणार? आणि काळूरामला शब्द दिलेला. कातकऱ्याने मुकादमाला दिलेला शब्द, नवराबायकोची जोडी देतो म्हणून दिलेला शब्द, तो फिरवायचा तर पुढल्या वर्षी टेंपो दारात येत नाही.

काळूरामने फोन घेतला तेव्हा मागे इंजिन गुरगुरत होतं आणि कुणाचं तरी मूल रडत होतं. "कोन? हास्पिटल? अवो, आता निघालेलो आमी. शिरढोणला चाय पितोय. नंतर बगू."

"अनंतादादाला द्या, काळूरामभाऊ. दोन मिनिटं."

"दोन मिन्टात बरा होनार हाय का तो?" पण त्याने हाक मारली. अनंता, तुझी बाय.

मग श्वास ऐकू आला. अनंताचा श्वास बोलण्याच्या आधी यायचा, भात्यासारखा. "बोल, बाय."

"दादा, सोमवारी यायचं ठरलं होतं ना आपलं?"

"ठरला होता. गाडी आज आली." थोडं थांबून, तक्रार अजिबात नसलेल्या आवाजात, "भागीने केलता फोन. लागत व्हता, पन तू नाय बोललीस."

तोच पुढे म्हणाला, "तुमच्या डाक्टरांची बैठक झाली?"

"झाली."

"मंग तू सांग. जाऊ का उतरू?"

इतका सरळ प्रश्न. मार्गाच्या चित्रात लिहिलेलं होतं की निदान फोनवर सांगायचं नाही. तो नियम चांगला होता; तो करताना रंजिताने सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती. पण अनंताने निदान विचारलंच नव्हतं. जाऊ का उतरू. जा म्हणलं तर खोटं. उतर म्हणलं तर सगळंच सांगून झालं. मधला शब्द भाषेत नव्हता. कानाशी इंजिन गुरगुरत होतं. आपण गप्प आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि जेवताना गप्प होतो तेच हे गप्प राहणं आहे का, की ते वेगळं होतं, असा एक विचित्र विचार मनातून सरकून गेला.

"उतरा," ती म्हणाली.

"बरा," अनंता म्हणाला. आणि लांबून, फोन अजून बंद न केलेला, त्याचा आवाज, भागे, बोचकी काढ.

रिक्षात बसल्यावर तिने मॅडमना फोन केला. त्या ओपीडीत होत्या, ऐकून घेतलं. "मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. दोघांना घेऊन ये, सोमवारची वाट बघायला नको. कापायच्या डॉक्टरांनाही थांबवते," त्या म्हणाल्या. मग, "रस्त्यात विचारलंच त्याने तर खोटं बोलू नकोस. त्याला पेलेल तेवढं सांग." बस एवढंच. फोन का उचलला नव्हता हे मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर रंजिताने सांगितलं असतं. आज पहिल्यांदाच तिला ते सांगायची लाज वाटत नव्हती. बुधवारी टेबलाशी बसून सांगायचं, दुपारी अर्धा तास मी बोलत नाही, तेवढ्यात फोन कुणाकडे राहील ते ठरवा, आणि दिवाळीनंतर मुकादम कधी येतो हेही त्या चौकटीत लिहा. इतकं सोपं होतं. पळस्प्याच्या फाट्यावर कंटेनरांची रांग लागली होती, द्रोणागिरीच्या गोदामांकडून आलेले, उघड्या पाठीवर चिनी अक्षरं असलेले. धुळीचा वास, डिझेलचा वास, आणि मध्येच कुठून तरी मिठाचा. तो वास खरा नव्हता. मिठागरं कधीच भरावाखाली गेली होती. पण या रस्त्यावर तिच्या नाकाला तो यायचाच, कारण तिचा बाप, तुळशीराम, मिठागरावर फळी ओढायचा आणि त्याच्या बनियनला धुतल्यावरही तो वास राहायचा.

आईच्या खोकल्यालाही सगळे मिठाचाच खोकला म्हणाले होते. कमळाबाईने आयुष्यात विडी ओढली नव्हती. चुलीचा धूर तेवढा खाल्ला होता, सगळ्या बायकांनी खाल्ला तसा. ओवे गावच्या घरातून निघून ती एका डॉक्टरकडे गेली, त्याने फोटोला दुसरीकडे पाठवलं, फोटो घेऊन तिसऱ्याकडे, तिसरा म्हणाला पहिल्याला दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत फोटोंची गुंडाळी घेऊन रंजिता आणि तिचा नवरा हरेश स्कूटरवरून हिंडायचे. प्रत्येक दारात माणूस वाईट नव्हता. कुणीही हाकलून दिलं नाही. दार आणि दार यांच्या मध्ये मात्र कुणीच नव्हतं, आणि त्या मधल्या जागेत आई बारीक होत गेली. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून हरेशला सांगितलं. हरेशने बापाला सांगितलं. बाप म्हणाला, तिला सांगू नका. ते दिवसही चातुर्मासाचेच होते. आई मुकं जेवायची, तिच्या सासूने दिलेला नेम. श्रावणातला एक दिवस होता. सगळे पाटावर बसलेले, ताटात अळूचं फतफतं, आईने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. मग ती बोलली. पानावर बसून, तोंडातला घास गालात सारून, रंजिताने जिला चातुर्मासात कधी जेवताना बोलताना पाहिलं नव्हतं ती आई म्हणाली, "मला काय झालंय ते कुनी सांगा रं." बाप भात कालवत राहिला. हरेशने पाण्याचा तांब्या उचलला. रंजिताने खाली पाहिलं. ताटातल्या मिठाच्या ढिगाकडे. आई थोडा वेळ थांबली. मग तिने अन्नाला नमस्कार केला, उठली, हात धुतले, आणि त्या दिवशी काही खाल्लं नाही. व्रत तिचं होतं. मौन बाकीच्यांनी पाळलं. भाद्रपदात ती गेली. नेम अर्धा राहिला म्हणून पुढच्या आषाढीपासून रंजिताने तो उचलला, आईचा आहे म्हणून, आणि इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती आईचं न बोलणं पुढे नेते आहे. रिक्षा खड्ड्यातून गेली. आई न बोलण्यासाठी उठली नव्हती. ती विचारून उठली होती.

शिरढोणच्या थांब्याशी, बंद पडलेल्या पंक्चरच्या टपरीच्या सावलीला, दोघं बसली होती. बोचकी, एक पातेलं, दोरीने पाय बांधलेली कोंबडी. टेंपो गेलेला होता. अनंताने गुडघे छातीशी घेतले होते आणि टेंपो ज्या बाजूला गेला तिकडे तो बघत होता. त्याची मुलगी सोनम आणि जावई त्यात पुढे गेले होते. भागी रंजिताला बघून उठली नाही, फक्त बाजूला सरकली. बसायची जागा झाली.

"काळूराम लय बोलला," भागी म्हणाली. "म्हनला, अर्धी जोडी पन नाय, आख्खी जोडी उतरली. पुढल्या सालाला तुमाला कोन ईचारतो बगू."

"मी बोलते त्याच्याशी," रंजिता म्हणाली.

"तू काय बोलशील? तुला तो ईटा थापायला लावंल."

अनंता हसला, हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत तिघं थांबली. रंजिता म्हणाली, मॅडम वाट बघतायत, लगेच निघू या. भागी म्हणाली, "सकाळपासना पोटात काय नाय त्याच्या. गाडीत खाऊ म्हनलो व्हतो." तिने फडकं सोडलं. नाचणीच्या भाकऱ्या, आणि कागदात सुकटीची चटणी. एक भाकर तिने अनंताच्या हातावर ठेवली, एक रंजितापुढे धरली. मग रंजिताच्या गळ्यातल्या तुळशीच्या मण्यांकडे बघून चटणीचा कागद मागे घेतला आणि दुसऱ्या पुडीतलं मीठ भाकरीच्या कडेला ठेवलं. "उपासाची नाय ना तू? आमच्या हातचं चालतं ना?"

चालतं ना, हे तिने सहज विचारलं, डोळ्यात न बघता. नको म्हणलं असतं तर भागीने भाकर तितक्याच सहज फडक्यात परत ठेवली असती. तशा परत ठेवलेल्या भाकऱ्या तिच्या फडक्यात पुष्कळ असणार. रंजिताने दोन्ही हात पुढे करून भाकर घेतली. भूक होतीच, डबा तीन घासांवरच राहिला होता. तिने तुकडा मोडला, मिठाला लावला आणि तोंडात घातला. मग तिच्या ध्यानात आलं की पहिला घास गेला. पान मांडलं गेलं. रस्त्याकडेला, मांडीवर, पण पानच.

अनंता भाकर हातात धरून बसला होता. खात नव्हता. ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने फडकं उडालं, भागीने ते गुडघ्याखाली दाबलं.

"बाय," तो म्हणाला, "माझ्या छातीत काय हाय?"

नाचणी तोंडात कोरडी होती. मीठ जिभेवर उतरत होतं. आईच्या ताटातल्या मिठाचा ढीग, तांब्या उचलणारा हरेशचा हात, भात कालवणारा बाप. अनंता बघत होता. घाई नव्हती त्याला. घास गालात सारून रंजिता म्हणाली,

"गाठ हाय, दादा. वाईट गाठ हाय. क्यान्सरची."

भागीचा हात फडक्यावर थांबला. अनंताने मान हलवली, कुणीतरी नाव सांगावं आणि ते ओळखीचं निघावं तशी. "म्हनूनच," तो म्हणाला. "खोकला आपला मला सोडून जातच नाय." मग, "मरनार का?"

"आत्ता सापडली हाय. एका कोपऱ्यात हाय, लहान हाय. डॉक्टर म्हणतात, आत्ता कापली तर चांगली निघते. म्हणून मी उतरा म्हणाले. काय, कसं, ते मॅडम आज समोर बसून सांगतील. तुम्हाला जे वाटेल ते त्यांना विचारायचं."

"तू असशील?"

"मी असेन."

"भट्टीच्या धुराने झाली ही?"

"धुराने, विडीने. कशाने ते नक्की सांगता येत नाही."

"मंग काळूरामला सांग," अनंता म्हणाला, "माज्या छातीतला धूर काढून ठेवलाय, भट्टीला कमी पडंल तर घेऊन जा." आणि त्याने भाकरीचा पहिला तुकडा मोडला. भागी एकदम म्हणाली, कापल्यावर वजन उचलता येतं का माणसाला, आन्‌ मी कुठं ऱ्हानार तवा, मला खाटेपाशी बसू देतात का. तिचे डोळे भरले होते पण प्रश्न सरळ येत होते, एकामागून एक, आणि रंजिता उत्तरं देत होती. जे माहीत होतं ते, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून. नेमाप्रमाणे आता अन्नाला नमस्कार करून उठायचं होतं. उठायचं म्हणजे या दोघांना अर्ध्या प्रश्नात सोडून उभं राहायचं. द्वादशी चार दिवसांवर होती. तिने मनातल्या मनात आईला हाक मारली, क्षमा मागण्यासाठी नव्हे, नुसतं सांगण्यासाठी, की बघ, मी बसलेय.

मग तिने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, मिठाला लावला, तोंडात घातला.

"अजून विचारा, दादा," ती म्हणाली.